अभय कोणी कोणास द्यावे?

गेल्या एकादशीस कीर्तन आटोपले, प्रसाद वाटून झाला आणि मंडळी आपापल्या चपला शोधू लागली, तेव्हा लिंबायतेकडील एका कुटुंबातील कन्या आमच्यापाशी येऊन उभी राहिली. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून ती नुकतीच एका इस्पितळात रुजू झाली आहे. तिची आई मागेच उभी होती. मुलगी म्हणाली, "काका, आमच्याकडे परवा एक रंगीत तालीम झाली. परदेशातून आलेल्या रोग्याला एबोला झाल्याचा संशय आहे, असे धरून काय काय करायचे ते शिकवले. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख घालायला लावला. तो उतरवताना माझी दोनदा चूक झाली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, 'खरा रोगी असता तर ही चूक तुझ्या जिवावर बेतली असती.' मला एवढेच विचारायचे आहे. अशी साथ खरोखर आली आणि मी घाबरून घरी निघून आले, तर मला पाप लागेल का?"

तिची आई मध्येच म्हणाली, "लागायचे ते मला लागू दे. मी काही हिला तिथे राहू देणार नाही."

प्रश्न सरळ होता आणि त्याचे सरळ उत्तरही आमच्या जिभेवर आले होते. स्वधर्म, कर्तव्य, सेवा हे शब्द देवळाच्या ओसरीवर बसणाऱ्या माणसाला शोधावे लागत नाहीत. परंतु ते उत्तर घशाशी आले आणि तिथेच अडले. "पुढच्या एकादशीस सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर का अडले, हे आज वाचकांपुढे मांडणे आम्हांस प्राप्त आहे.

सन १९९४ च्या सप्टेंबर महिन्याची गोष्ट. त्या पावसाळ्यात तापीला पूर येऊन गेला होता. सखल वस्त्यांतून चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे दिवसच्या दिवस पडून होती. गणपती विसर्जन झाले, पितृपक्ष लागला आणि दोनतीन दिवसांतच वेड रोड व कतारगामकडून बातम्या येऊ लागल्या की धडधाकट माणसे तापाने फणफणतात, खोकताना रक्त पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपतात. फुप्फुसाचा प्लेग असे त्याचे नाव शहरभर झाले. त्याआधी महिन्याभरापूर्वी बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळल्याचे वर्तमान आम्ही वाचले होते, पण बीड कुठे आणि सुरत कुठे, असे म्हणून वर्तमानपत्र घडी करून ठेवले होते.

पुढील चारपाच दिवसांत जे झाले ते पाहिलेले लोक आज साठीच्या पुढे आहेत. रेल्वे स्थानकावर आणि मोटार स्थानकावर मुंगीला शिरायला जागा उरली नाही. काही लाख माणसांनी शहर सोडले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून नाहीशा झाल्या. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलुपे लागली. नव्या सिव्हिल इस्पितळातील डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार मात्र कामावर होते आणि रोग्यांचा लोंढा त्यांच्याकडे वळला. पुढे हिशेब झाला तेव्हा देशभरातील मृत्यूंची संख्या पन्नासाच्या थोडी वर भरली. हा रोग वेळीच औषध दिल्यास बरा होणारा आहे, हेही तेव्हा वैद्यकशास्त्रास ठाऊक होते. रोगाने मारलेली माणसे तुलनेने थोडी होती. भयाने पळविलेली माणसे त्यांच्या कैक हजार पटींनी अधिक होती.

त्या पळणाऱ्यांत आम्हीही होतो. उधना येथे आम्ही ज्या चाळीत राहात होतो, तिथे शेजारच्या खोलीत खानदेशातून आलेला एक मागवाला एकटाच राहात असे. त्याला आदल्या रात्रीपासून ताप होता. पहाटे आम्ही बायकामुलांसह, हातात दोन पिशव्या घेऊन निघालो, तेव्हा त्याने आतून विचारले, "दादा, पाणी देता का जरा?" आम्ही ऐकले. जिन्यावर क्षणभर थांबलोही. मग धाकट्या मुलाला कडेवर घेतले आणि खाली उतरलो. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत दाराशी उभ्याने प्रवास केला. गावी पोहोचलो तर गावकऱ्यांनी आम्हांला वेशीवरच अडवले आणि आठ दिवस शाळेच्या खोलीत ठेवले. भाकरी दुरून सरकवीत. त्या वागणुकीचा आम्हांला अतिशय राग आला. आपणही जिन्यावर तेच केले होते, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

तो मागवाला वाचला. त्याला प्लेग नव्हताच, साधा हिवताप होता. आम्ही निघून गेल्यावर दुपारी पालिकेचा कोणी एक कामगार गोळ्या वाटीत चाळीत आला. त्याने याला पाणी पाजले आणि रिक्षात घालून इस्पितळात नेले. त्या कामगाराचे नाव आम्हांला कधीच कळले नाही. मागवाला पुढे कितीतरी वर्षे आमच्या शेजारी राहिला आणि त्या पहाटेविषयी एक अक्षरही बोलला नाही.

आता वाचकांनीच सांगावे, ज्याने तांब्याभर पाणी दिले नाही, त्याने एका बावीस वर्षांच्या मुलीला 'पळालीस तर पाप लागेल' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

परंतु लाज वाटली म्हणून प्रश्न सुटत नाही. म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहू.

प्रथम हा एबोला काय आहे ते समजून घेतले पाहिजे. १९७६ साली आफ्रिकेत, त्या वेळी झाईर म्हटल्या जाणाऱ्या काँगो देशात, यांबुकू नावाच्या गावी ही साथ प्रथम ओळखली गेली. त्याच सुमारास सुदानातही ती आढळली. गावाच्या नावाला कायमचा कलंक लागू नये म्हणून जवळपासच्या एबोला नदीचे नाव रोगास दिले. यांबुकूत बेल्जियमच्या जोगिणींनी चालविलेले एक इस्पितळ होते. बाहेरच्या रोग्यांसाठी तेथे दररोज सकाळी पाच सुया काढीत आणि त्याच सुया, धड न उकळता, एकामागून एक रोग्यास टोचीत. औषध देणारा हातच रोग देत गेला. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली व २८० जण दगावले. इस्पितळातील १७ सेवकांपैकी ११ मृत्यू पावले आणि शेवटी इस्पितळ बंद करावे लागले. त्या जोगिणींच्या मनात सेवाभाव उणा होता असे कोणी म्हणणार नाही. उणे होते ते सुया उकळण्याचे साधन आणि शिस्त.

या रोगाचा स्वभाव ध्यानी घ्यावा. तो वाऱ्यावर पसरत नाही. रोग्याचे रक्त, वांती, जुलाब, घाम यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आला तरच लागतो, आणि प्रेताच्या स्पर्शानेही लागतो. लागण झाल्यापासून दोन ते एकवीस दिवसांत लक्षणे दिसतात आणि लक्षणे दिसण्यापूर्वी तो माणूस दुसऱ्यास रोग देत नाही. याचा अर्थ असा की रस्त्याने जाणाऱ्या परक्यास या रोगाचे भय थोडे आहे. भय आहे ते कपाळावर हात ठेवणाऱ्या आईला, अंथरूण बदलणाऱ्या बायकोला, सुई टोचणाऱ्या परिचारिकेला आणि अखेरची आंघोळ घालणाऱ्या सोयऱ्यांना. जी जी कृत्ये आपण प्रेमाची म्हणून ओळखतो, नेमक्या त्याच वाटेने हा रोग चालतो. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत २८,६०० हून अधिक लोकांना तो झाला आणि ११,३०० हून अधिक लोक मेले. त्यांत आरोग्यसेवक पाचशेच्या वर होते. त्या देशांत डॉक्टर मुळातच मोजके होते. जे होते त्यांतलेच गेले.

कोणी म्हणेल, आफ्रिकेची गोष्ट सुरतेस कशाला? बीडची बातमी वाचून आम्हीही असेच म्हटले होते. आपल्या महिधरपुऱ्यात आणि वराछात जे हिरे घासले जातात, त्यांचे कच्चे खडे आफ्रिकेच्या खाणींतूनही येतात. सिएरा लिओनचा कोनो जिल्हा हिऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि २०१४ च्या डिसेंबरात तेथेही ही साथ भयंकर रूपाने होती. त्याच वर्षी लायबेरियात एबोलातून बरा होऊन परतलेल्या एका भारतीय तरुणाला दिल्लीच्या विमानतळावर वेगळे ठेवून तपासण्यात आले. अशा चाचण्यांसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था सज्ज होती. भारतात एबोलाची साथ पसरलेली नाही. पण त्याच जातीच्या संकटाने गुजरातचे दार एकदा ठोठावले आहे. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या एका स्त्रीला क्रिमियन-काँगो नावाचा रक्तस्रावी ताप झाला. ती वारली. तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर वारला आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिकाही वारली. हा कोणता ताप आहे हे पुण्याच्या त्याच संस्थेने निश्चित करीपर्यंत हे घडून गेले होते. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न दूरदेशीचा नाही. तिच्यासारख्याच एका परिचारिकेने आपल्याच राज्यात त्याचे मोल दिले आहे.

आता मूळ प्रश्न. संकटकाळी सेवकाने जागा सोडू नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे की सैनिक ज्या दिवशी गणवेष घालतो त्याच दिवशी तो युद्धाचा धोका पत्करतो. परिचारिकेने पांढरा वेष घेतला, पगार घेतला, समाजाचा मान घेतला. मग रोग बरा होणारा असेल तोवरच सेवा, आणि जिवावर बेतणारा असेल तर घर, हा व्यवहार झाला. या पक्षात बळ आहे. रोग्याला दुसरा आधार नसतो. सर्वांनीच पाठ फिरविली तर तो तहानेने मरेल.

दुसरा पक्ष म्हणतो की शरीर हेच धर्माचे पहिले साधन आहे, आणि मरण ओढवून घेणे हा कोणाचाही धर्म नाही. मेलेली परिचारिका पुढच्या रोग्याच्या उपयोगी पडत नाही. शिवाय तिच्या घरी म्हातारे आहेत, मुले आहेत. त्यांचे ऋण काय इस्पितळाच्या ऋणापेक्षा हलके? महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे एवढे विवेचन आहे ते याचसाठी, की संकटात नेहमीचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. या पक्षातही बळ आहे.

आम्ही दोन्ही पक्ष पुष्कळ दिवस मनात घोळविले. मग ध्यानात आले की दोघेही एकाच माणसाकडे बोट दाखवीत आहेत. एक म्हणतो, परिचारिकेने राहावे. दुसरा म्हणतो, परिचारिकेने जावे. तिला त्या खोलीत कोणी, कोणत्या साधनानिशी उभे केले, हे दोघेही विचारीत नाहीत. सैनिकाचा दृष्टान्त देणाऱ्याने हेही सांगावे की सैनिकाच्या हाती शस्त्र न देता त्याला सीमेवर पाठविणाऱ्या राजाला आपण काय म्हणतो.

आपल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात साथीच्या रोगांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पांचाल देशी, कांपिल्य नगरीत, उन्हाळ्याच्या शेवटी भगवान आत्रेय पुनर्वसु गंगेच्या काठाने फिरत असताना आपला शिष्य अग्निवेश यास सांगतात की नक्षत्रे, ऋतू यांची लक्षणे बिघडलेली दिसत आहेत. लवकरच भूमीतला रस जाईल, औषधींचे वीर्य जाईल, तेव्हा ते जाण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा. अग्निवेशाचा प्रश्न मग येतो की माणसांच्या प्रकृती भिन्न, आहार भिन्न, वये भिन्न, मग एकाच वेळी सारा प्रदेश कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय सांगतात की वायू, जल, देश आणि काल हे चार सर्वांना समान आहेत, ते बिघडले की सर्वांना बाधते. आणि ते बिघडण्याच्या मुळाशी अधर्म आहे. त्या अधर्माच्या मुळाशी प्रज्ञापराध आहे, म्हणजे कळत असून न करणे. ज्यांच्या हाती नगराचा कारभार आहे त्यांच्यापासून तो सुरू होतो आणि प्रजेत पसरतो.

या संवादातील क्रम पाहण्यासारखा आहे. रोगाचे कारण काय, धर्म कोणता, अधर्म कोणता, ही सारी चर्चा नंतर. आधी आज्ञा ती एकच, की वेळ आहे तोवर औषधे गोळा करा. पुनर्वसूंनी शिष्याला शौर्याचा उपदेश केला नाही. त्यांनी त्याला कोठार भरण्यास सांगितले.

या दृष्टीने १९९४ सालाकडे पाहिले की अपराध कोठे होता ते दिसू लागते. डॉक्टर पळाले तो अपराध सप्टेंबरातला. परंतु गटारे तुंबलेली, कचरा न उचललेला, पुरानंतर वस्त्या धुतलेल्या नाहीत, हा अपराध कितीतरी वर्षांचा होता. तो आम्हा सर्वांचा होता. आम्हीही रोज त्याच ढिगाऱ्याला वळसा घालून कामावर जात होतो.

आणि ही गोष्ट अशक्य नव्हती, हे याच शहराने पुढे दाखवून दिले. १९९५ च्या मे महिन्यात श्री. एस. आर. राव हे पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून अधिकार खालपर्यंत वाटून दिले आणि मोठमोठ्या अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरविले. रात्रीची झाडलोट सुरू झाली. घाणेरड्या उपाहारगृहांना टाळी लागली. इस्पितळांकडून रोज रोग्यांची माहिती मागविण्याचा परिपाठ पडला. दोन वर्षांच्या आत हेच शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या महापुराने शहराचा बहुतेक भाग बुडाला, पण पाणी ओसरताच झाडू, चुना आणि औषधे घेऊन पथके गल्लोगल्ली निघाली आणि १९९४ सारखी पळापळ झाली नाही. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने सुरतेस पहिले स्थान मिळाले. माणसे तीच होती. नदी तीच होती. मधल्या काळात रोजचे काम रोज झाले, एवढाच फरक.

एबोलासारख्या रोगासाठी तयारी म्हणजे तरी काय? ऐकावयास ती अगदी साधी वाटते. रोग्यास इतरांपासून वेगळे ठेवण्याची खोली, तिला स्वतंत्र मोरी आणि भरपूर पाणी. दारातच ताप आणि प्रवास यांची चौकशी करणारा माणूस. हातमोजे आणि पोशाख, तेही एका दिवसाचे नव्हे, कित्येक आठवड्यांचे. तो पोशाख घालण्यापेक्षा उतरविणे अवघड असते, कारण बाहेरची बाजू विषारी झालेली असते. म्हणून उतरविताना शेजारी उभे राहून एकेक पायरी मोठ्याने वाचणारा सोबती लागतो. रक्ताचा नमुना तीन वेष्टनांत बांधून पुण्यास पाठविण्याची व्यवस्था लागते. रोग्याच्या सहवासात आलेल्या प्रत्येकाची यादी करून एकवीस दिवस रोज त्याच्या दारी जाणारा कार्यकर्ता लागतो. १९७६ साली या रोगाला ना लस होती ना औषध. पुढे एबोलाच्या एका प्रमुख जातीवर लस निघाली आणि २०१९ साली तिला मान्यता मिळाली. परंतु लस असली तरी ती कोणास टोचावयाची हे त्या यादीवरूनच ठरते.

२०१४ च्या जुलैत नायजेरियातील लागोस या अफाट वस्तीच्या शहरात एक आजारी प्रवासी विमानाने उतरला. डॉ. स्टेला अमेयो अडाडेवो यांना त्याच्या रोगाचा संशय आला. त्याला सोडून द्या म्हणून त्यांच्यावर दडपण आले, पण त्यांनी त्यास इस्पितळाबाहेर जाऊ दिले नाही. त्यांना स्वतःस लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्या वारल्या. मात्र त्यांच्या मागे एक गोष्ट तयार होती. पोलिओ निर्मूलनासाठी त्या देशात उभारलेली कार्यकर्त्यांची फळी याच कामाला जुंपण्यात आली आणि सुमारे नऊशे लोकांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवण्यात आले. एकूण २० जणांना रोग झाला, ८ जण गेले आणि ऑक्टोबरात देश रोगमुक्त जाहीर झाला. डॉक्टरीणबाईंचे धैर्य वाया गेले नाही, कारण ते झेलणारी व्यवस्था आधीच उभी होती. यांबुकूच्या जोगिणींचेही धैर्य काही कमी नव्हते. त्यांच्या मागे मात्र काहीच नव्हते.

तथापि साहित्य आणि शिस्त एवढ्यानेही भागत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारपाशी कायदा होता, सोजीर होते, अधिकार होते. रँडच्या अमलात गोरे शिपाई घरात, माजघरात, देवघरात शिरले. लोकांनी रोगी लपविले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ज्या व्यवस्थेवर लोकांचा विश्वास नाही, तिच्याशी लोक रोगापेक्षाही अधिक सावधपणे वागतात. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रोगी आणून ठेवले. एका रोगी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले असे सांगतात. लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्यापासून कोणी रोगी लपविल्याचे ऐकिवात नाही.

पश्चिम आफ्रिकेतही हेच घडले. प्रेतास स्नान घालणे, त्यास स्पर्श करून निरोप घेणे हा तेथील लोकांचा धर्म. पांढऱ्या पोशाखातील परके लोक आले आणि प्रेते पिशवीत घालून नेऊ लागले, तेव्हा लोकांनी प्रेते लपविली, पथकांवर हल्लेही केले. पुढे गावच्या वडीलधाऱ्यांना आणि धर्मगुरूंना सोबत घेतले, दुरून प्रार्थना करू दिली, नाव घेऊन निरोप देऊ दिला, तेव्हा विरोध ओसरू लागला. येथे हा विषय आपल्या देवळाच्या उंबऱ्याशी येऊन ठेपतो. उद्या आपल्यापैकी कोणाच्या घरी अशा रोगाने मृत्यू झाला, तर अंत्यस्नान नाही, मुखदर्शन नाही, खांदा नाही, हे आपण मानू काय? मानावे लागेल. आणि ते त्या दिवशी पोलिसाने सांगण्याऐवजी आज आपल्याच पुरोहिताने ओसरीवर बसून सांगितले पाहिजे की बाबांनो, दर्भाची प्रतिमा करून संस्कार करण्याची सोय आपल्या शास्त्रात आहे, मृताची गती तुमच्या स्पर्शावर अडलेली नाही. हीसुद्धा तयारीच आहे, आणि ती कोणत्याही इस्पितळाला करता येणार नाही.

दुसरेही एक आपल्याच हातचे आहे. २०२० साली करोनाच्या साथीत आपण टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी परिचारिकांना व डॉक्टरांना घरमालकांनी घरे सोडावयास सांगितली. शेजाऱ्यांनी एका डॉक्टरीणबाईंना त्रास दिल्याची बातमी आपल्या शहरातूनही आली. शेवटी त्या वर्षीच्या एप्रिलात १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ला अजामीनपात्र ठरवावा लागला. दिवसभर मृत्यूच्या खोलीत उभी राहून आलेल्या मुलीला रात्री जिन्यावर अडविणाऱ्या शेजाऱ्याला तिचे कर्तव्य कोणते हे सांगण्याचा काय अधिकार आहे?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी पहिले स्थान अभयाला दिले आहे. आपण त्याचा अर्थ बहुधा 'निर्भय असावे' असा करतो, आणि मग ते दुसऱ्याला सांगू लागतो. परंतु आपल्या परंपरेत अभय ही देण्याचीही वस्तू आहे. सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. ते मागून मिळत नाही, कोणीतरी ते कोणाला तरी द्यावे लागते. परिचारिका रोग्यास अभय देते. मग परिचारिकेस कोण देणार? ते तिला हातमोजा देतो, पाण्याचा नळ देतो, चूक करण्याची मुभा असलेली रंगीत तालीम देते, तिचे काही बरेवाईट झाले तर घरच्यांना पोसण्याची हमी देते, तिला दार उघडणारा शेजारी देतो. ही सारी आपली देणी आहेत. ती आधी चुकती करावी आणि मग कर्तव्याची गोष्ट काढावी.

परवाच्या एकादशीस ती मुलगी पुन्हा आली. आम्ही तिला आधी जिन्यावरची ती पहाट सांगितली. ती हकीकत तिच्या आईनेही ऐकली. मग म्हणालो, "बेटा, इस्पितळाने तुला साधने दिली, शिकविले, सोबती दिला, घरच्यांची काळजी घेतली, तर तिथे उभे राहणे हे तुझे ऋण आहे. ते टाळलेस तर चूक होईल. पण यातले काही न देता तुला आत ढकलले, तर थांबण्याची आज्ञा तुला कोणी करू शकत नाही. तरीही थांबलीस तर ते दान होईल. सावित्रीबाईंचे थांबणे दान होते. दान कोणाकडून वसूल करता येत नाही."

"आणि निघून आले तर?" तिने विचारले.

"तर पाप आहेच. रोगी तर तहानलेला पडलाच. पण त्या पापाचे वाटे होतील. ज्यांनी कोठार भरले नाही त्यांचा पहिला, आम्ही मुकाट्याने पाहात राहिलो म्हणून आमचा दुसरा. तुझ्या वाट्याला फार थोडे येईल. निघण्यापूर्वी त्याच्या हाताला लागेल असे दुरून पाणी तेवढे ठेवून ये."

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात पुन्हा तालीम आहे. पोशाख उतरवताना शेजारी उभे राहून वाचणारे माणूस आमच्याकडे कमी आहे. मी मोठ्या बाईंना तसे लेखी देऊ का?"

आम्ही म्हटले, "दे. त्याखाली आमच्या मंडळाचीही सही घे."

त्या अर्जाचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी आरतीनंतर यावे. आम्ही आमची सही पहिल्या दिवशीच केली आहे. तांब्याभर पाण्याचे ते देणे त्याने फिटत नाही, हे आम्ही जाणतो.